बीबीचा मकबरा आणि सत्ताविसावा दिवस

गणपती गावाला गेले, भात पोटरीतून बाहेर पडायला लागलं, आणि आता पितृपक्ष येईल. भाद्रपद वद्य नवमीला आपल्याकडे अविधवा नवमी करतात. नवरा हयात असताना जी बाई गेली, तिच्या नावानं त्या दिवशी पान वाढायचं, एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. तो दिवस जवळ आला आहे, म्हणून आज तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगते. सहल गेल्या जानेवारीतली. पण तिचा आणि अविधवा नवमीचा काय संबंध, ते शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल.

आमच्या बचत गटांनी मिळून एक बस केली होती. संगमेश्वर तालुक्यातल्या आम्ही अडतीस जणी. रात्री निघालो, घाट चढलो, आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ बघून, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन मुक्कामाला छत्रपती संभाजीनगरला पोचलो. हे शहर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद. तिसरा दिवस शहर बघण्यासाठी राखून ठेवलेला होता. सकाळी दौलताबादचा किल्ला, दुपारी पाणचक्की, आणि ऊन उतरल्यावर बीबीचा मकबरा.

पाणचक्कीवर आमच्या बायका हलायलाच तयार नव्हत्या. तिथं बाबा शाह मुसाफिर या सूफी संताची दर्गा आहे. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून तिथपर्यंत आणलेलं आहे. ते उंचावरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरायचं. यात्रेकरूंच्या जेवणाचं पीठ त्यावर दळत. ज्यांच्या आयांनी आणि सासवांनी पहाटे उठून जात्यावर दळलं, त्या बायकांना या गोष्टीचं अप्रूप वाटणारच. एक जण म्हणाली, "आमच्या वहाळाला असं जातं लावलं असतं, तर माझ्या आयशीचे हात तरी वाचले असते."

पुढं मकबऱ्याकडे निघायचं म्हटल्यावर मात्र बसमध्ये कुजबुज सुरू झाली. आमच्यातल्या एक काकी स्पष्टच म्हणाल्या, "कशाला गो जायचं त्या औरंगजेबाच्या बायकोच्या थडग्यावर? आमच्या संगमेश्वरात त्यानं काय केलं, ते विसरलीस काय?"

काकींचं म्हणणं खोटं नव्हतं. १ फेब्रुवारी १६८९ या दिवशी मुघल सरदार मुकर्रबखानानं संभाजी महाराजांना पकडलं, ते आपल्या संगमेश्वरातच. त्यानंतरचे त्यांचे हाल आणि तुळापूरजवळचा मृत्यू आपल्याला पाठ आहे. कसब्यातल्या त्या जागेवरून जाताना आजही माणूस हात जोडतो. तेव्हा काकींना गप्प करणं मला बरं वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं, "काकी, तिथं औरंगजेब नाही. तो खुलताबादला आहे. इथं एक बाई आहे. ती संभाजी महाराजांच्या आधी एकतीस वर्षं गेली. आणि कशानं गेली ठाऊक आहे? बाळंतपणानं."

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. आमच्याबरोबर गावच्या आशाताई होत्या, त्यांनी मागून विचारलं, "कितव्या खेपेला?" म्हटलं, "पाचव्या." मग कुणी काही बोललं नाही. बस मकबऱ्याच्या दाराशी थांबली आणि काकी सगळ्यांच्या आधी उतरल्या.

आता त्या बाईविषयी सांगते. तिचं नाव दिलरस बानू बेगम. इराणच्या सफवी राजघराण्याशी नातं सांगणाऱ्या एका मोठ्या सरदाराची, शाहनवाज खानाची ती मुलगी. १६३७ साली तिचं लग्न शाहजहान बादशहाच्या मुलाशी, औरंगजेबाशी झालं. तेव्हा तो बादशहा नव्हता, दख्खनचा सुभेदार होता. पुढच्याच वर्षी, १६३८ मध्ये, आम्ही सकाळी बघून आलो त्या दौलताबादला तिची पहिली मुलगी झेबुन्निसा जन्मली. मग झीनतुन्निसा आणि झुबदतुन्निसा या दोन मुली, मग आझम हा मुलगा. नवरा मोहिमेवर जाईल तिकडे संसार हलायचा. एक मूल मुलतानला झालं, एक बुऱ्हाणपूरला. पाचवं मूल म्हणजे अकबर, तो ११ सप्टेंबर १६५७ या दिवशी औरंगाबादेत जन्मला. आणि ८ ऑक्टोबरला दिलरस बानू गेली. बोटं मोजून बघा, सत्तावीस दिवस होतात. हा बहुधा सुवारोग असावा, म्हणजे बाळंतपणात आत जंतू जाऊन येणारा ताप.

त्यांच्या घरात ही पहिली वेळ नव्हती. औरंगजेबाची आई मुमताज महल. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात ती गेली होती. तिच्यासाठी आग्र्याला ताजमहाल बांधला. म्हणजे बघा, सासू बाळंतपणात गेली आणि सून बाळंतपणात गेली. त्या दोघींनी एकमेकींना पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण सून घरात आली तेव्हा सासूला जाऊन सहा वर्षं झाली होती. ताजमहाल आणि बीबीचा मकबरा या दोन्ही इमारती सगळं जग बघायला येतं. लोक प्रेमाची निशाणी म्हणतात, गरिबाचा ताज म्हणतात. पण दोन्हीकडे पुरलेली आहे ती बाळंतीण.

आत गेल्यावर समोर लांबलचक बाग लागते. मधून पाण्याचा पाट, त्यात ओळीनं कारंजी, दोन्ही बाजूंना फरसबंद वाटा. चार भागांत विभागलेल्या या बागेला चारबाग म्हणतात. सगळं आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर आहे, भोवती उंच भिंत. मधोमध उंच जोतं आणि त्यावर मकबरा. चार कोपऱ्यांना चार मिनार, वर मोठा पांढरा घुमट. लांबून बघितलं तर सगळं एकसारखं पांढरं दिसतं. जवळ गेलं की भेद कळतो. खालचा कमरेएवढा भाग संगमरवराचा आहे. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत आपल्या सह्याद्रीतला काळा दगड, आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. घुमट मात्र पुन्हा संगमरवरी. आमच्यातल्या दोघीजणी गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्यांनी गिलाव्यावरून हात फिरवला आणि एक म्हणाली, "हा चुना मळायला किती बाया लागल्या असतील!" कुठल्याही पुस्तकात न सापडणारा हा प्रश्न तिनं विचारला.

संगमरवर जयपूरच्या बाजूच्या खाणींतून आला. टॅव्हर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळात सुरतेहून गोवळकोंड्याकडे चालला होता. वाटेत त्याला संगमरवरानं लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या, आणि त्यातल्या लहानात लहान गाडीलासुद्धा बारा बैल जुंपलेले होते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. मकबऱ्याचा खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे झाला, असा हिशोब जुन्या तवारिखेत आहे. सात आणेसुद्धा सोडलेले नाहीत. गटाची वही लिहिणाऱ्या आमच्या सचिवताईंना हे फार आवडलं.

मुख्य दरवाजावर पितळी पत्रा मढवलेला आहे आणि त्यावर अक्षरं कोरली आहेत. रचना करणारा अताउल्ला आणि बांधकामाचं तंत्र सांभाळणारा हंसपत राय, अशी दोन नावं त्यावर आहेत. अताउल्लाचा बाप उस्ताद अहमद लाहोरी हा ताजमहालाचा मुख्य रचनाकार. म्हणजे सासूची कबर बापानं रचली आणि सुनेची मुलानं.

हा मकबरा कुणी बांधला, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "तिचा मुलगा आझमशहा यानं" असं मिळतं. काही पुस्तकांत १६५१ ते १६६१ असा काळही दिलेला असतो. इथं जरा थांबून आपलं डोकं चालवायचं. बाई गेली १६५७ मध्ये, मग तिची कबर १६५१ मध्ये कशी सुरू होईल? आणि आझम जन्मला १६५३ मध्ये. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. चार वर्षांचं पोर आईला हाका मारत फिरेल, मकबरा कसा बांधेल? १६६० च्या सुमारास काम झालं, तेव्हा तो सातआठ वर्षांचा. म्हणजे हुकूम आणि पैसा बापाचाच. पुढं मोठा झाल्यावर आझमनं आईच्या कबरीची देखभाल आणि दुरुस्ती केली, म्हणून त्याचं नाव जोडलं गेलं. मैत्रिणींनो, इतिहास वाचायला मोठी पदवी लागत नाही. तारखा एकाखाली एक मांडायच्या आणि मुलाचं वय मोजायचं. हे आपल्याला येतंच.

पायऱ्या चढून आत गेलं की कबर समोर दिसत नाही. ती खाली आहे. आपण वरच्या मजल्यावर उभं राहून वाकून बघायचं. खाली संगमरवराची आठ कोनी जाळी, दगड आहे की विणलेली झालर आहे असं वाटावं इतकी नाजूक. तिच्या आत कापडानं झाकलेली कबर. लोक वरून नाणी टाकतात, ती पडलेली दिसतात. आम्ही सगळ्या कठड्याला टेकून गोल उभ्या होतो. आशाताई हळूच म्हणाल्या, "सत्तावीस दिवस म्हणजे माझ्या एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीच्या मधे गेली."

मला तेव्हा कळलं की आम्ही तिथं कशासाठी आलो होतो.

तिला दवाखाना नव्हता, असं म्हणावं तर राजघराण्यातले हकीम हाताशी होते. पैसा नव्हता, असं तर मुळीच नाही. मग नव्हतं काय? ज्ञान नव्हतं. सुवारोग हातांच्या घाणीतून पसरतो, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते कळायला आणखी १९० वर्षं जावी लागली. १८४७ साली युरोपात व्हिएन्ना शहरातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथं दोन विभाग होते. एकात सुइणी बाळंतपण करायच्या, दुसऱ्यात डॉक्टरकी शिकणारी मुलं. मुलांच्या विभागात बायका कितीतरी जास्त मरायच्या. सेमेलवाइसनं शोधलं, तर ती मुलं प्रेतं फाडून शिकायची आणि तसेच उठून बाळंतिणीला हात लावायची. त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्यानं खाली आले. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आपले हात घाण आहेत, हे मान्य करणं शहाण्यांना जड गेलं. पुढं विसाव्या शतकात सल्फाची औषधं आणि पेनिसिलीन आलं, तेव्हा कुठं हा ताप आवाक्यात आला.

मैत्रिणींनो, दिलरस बानूचं नाव आपल्याला का माहीत नाही, याचाही विचार करा. ती गेल्यावर तिला राबिया-उद्-दौरानी अशी पदवी दिली. म्हणजे या काळची राबिया. राबिया ही इराकमधल्या बसऱ्याची मोठी सूफी संत बाई होऊन गेली. पण लोकांच्या तोंडात ना पदवी राहिली ना नाव. राहिलं ते नुसतं बीबी. बीबीचा मकबरा म्हणजे बाईचा मकबरा. कुठली बाई? कुणाची तरी बायको. दारावर दोन कारागिरांची नावं आहेत, वहीत सात आण्यांचा हिशोब आहे, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिचं नाव तिथं आलेल्या शंभरातल्या दहांनाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे तर याहून वाईट आहे. बाळंतपणात बाई गेली की तिची अळवंत होते, हडळ होते, असं आपण लहानपणी ऐकलं. तिन्हीसांजेला विहिरीवर जायचं नाही, ती धरते म्हणायचे. जी पोर आपल्याच घराण्याचा वंश वाढवताना मेली, तिचंच भूत करून आपण पोरांना घाबरवलं. इस्लामी परंपरेत बाळंतपणात गेलेल्या बाईला शहीद मानतात, लढाईत पडलेल्याच्या बरोबरीची. आपली अविधवा नवमीसुद्धा मुळात तिला मान देण्यासाठीच आहे. एका हातानं तिला पान वाढायचं आणि दुसऱ्या हातानं तिच्या नावानं भीती घालायची, हे आता आपण बंद करायला हवं.

आता काकींच्या प्रश्नाकडे परत येते. ही बाई आपली कोण? तिच्या मुलांचं पुढं काय झालं ते ऐका.

ज्याच्या जन्मानंतर आई गेली तो सत्तावीस दिवसांचा अकबर मोठा झाला आणि १६८१ साली त्यानं बापाविरुद्धच बंड केलं. ते फसलं. तेव्हा तो दुर्गादास राठोडबरोबर पळत दक्षिणेत आला आणि आसऱ्याला कुणाकडे गेला? संभाजी महाराजांकडे. सुधागडच्या पायथ्याला पाली भागात त्याला ठेवलं होतं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पाच्छापूरला महाराजांनी त्याची भेट घेतली. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला, त्याला मराठ्यांइतकंच हे पळालेलं पोरही कारण होतं. सहा वर्षं अकबर आपल्या मुलखात राहिला. शेवटी फेब्रुवारी १६८७ मध्ये तो जहाजात बसून इराणला निघाला, ते कुठून? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरहून. तो परत आला नाही, तिकडेच वारला. मकबऱ्यात निजलेल्या आईचं धाकटं पोर या देशातून निघालं ते राजापूरच्या खाडीतून.

थोरली बहीण झेबुन्निसा आई गेली तेव्हा १९ वर्षांची होती. ती कविता करायची. आईविना वाढलेल्या या भावाला तिनं बंडाच्या दिवसांत पत्रं लिहिली, म्हणून बापानं तिला दिल्लीच्या सलीमगडावर कैदेत टाकलं. १६८१ पासून १७०२ मध्ये मरेपर्यंत ती तिथंच होती.

दुसरी बहीण झीनतुन्निसा. तिनं लग्न केलं नाही. दख्खनेत बापाच्या छावणीतला सगळा जनाना ती सांभाळायची. संभाजी महाराज गेल्यावर त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई लहानग्या शाहूंना घेऊन मुघलांच्या कैदेत गेल्या. शाहू तेव्हा सात वर्षांचे होते. येसूबाई कोण? आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक. शत्रूच्या छावणीत त्या मायलेकरांवर झीनतुन्निसानं माया केली, त्यांचा सांभाळ नीट होईल असं पाहिलं, हे मराठी इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. स्वतःची आई चौदाव्या वर्षाच्या आसपास गमावलेल्या बाईला दुसऱ्याच्या लेकराचं दुःख कळलं असेल, असं मला आपलं वाटतं.

आणि आझम. औरंगजेब १७०७ मध्ये गेल्यावर शाहूंना सोडलं ते या आझमनंच. त्यात त्याचा स्वार्थ होता, मराठ्यांत दोन तट पडावेत अशी चाल होती. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. त्या सुटल्या १७१९ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी.

हे सगळं मी मकबऱ्याच्या जोत्यावर बसून सांगितलं. ऊन उतरलं होतं, मिनारांच्या सावल्या बागेत लांब पडल्या होत्या. काकी म्हणाल्या, "त्यानं केलं ते मी विसरायची नाही." मी म्हटलं, "विसरायचं नाहीच." थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "पण ही बिचारी त्यातली नव्हे." आणि शृंगारपूरची आठवण काढून त्यांनी कबरीच्या दिशेनं हात जोडले. आमच्या गटातल्या मुस्लिम भगिनींनी तिथं फातेहा म्हटला. मग सगळ्यांनी मिळून डबे उघडले.

आता माझ्या घरचं. माझी सख्खी आजी, म्हणजे वडिलांची आई, मी पाहिलेली नाही. वडील महिन्याचे असताना ती सुवारोगानं गेली. पावसाळ्याचे दिवस, नदीला पूर, गावात डॉक्टर नाही. आजोबांनी दुसरं लग्न केलं. त्या दुसऱ्या आजीनं आम्हा सगळ्यांना जीव लावला, तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण घरात पहिलीचं नाव कुणी घेत नसे. अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला यायची. मी लहान असताना विचारलं, "हे कुणासाठी?" तर उत्तर मिळालं, "पहिलीसाठी." एवढंच. पहिली. दिलरस बानूची बीबी झाली, तशी माझ्या आजीची पहिली झाली.

सहलीहून आल्यावर मी थोरल्या आत्याकडे गेले. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला आईचं सासरचं नाव ठाऊक होतं. माहेरचं नाव आठवेना. "मी तिला आई म्हणायची, मला कुणी सांगितलंच नाही," असं म्हणून ती रडायला लागली. सत्तर वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. आता मी आजीच्या माहेरच्या गावात चौकशी करते आहे. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, गाव नमुना चौदा, त्यात काही मिळतं का ते बघते आहे. अजून मिळालेलं नाही. शोध सुरू आहे.

म्हणून माझी तुम्हाला दोन कामं सांगायची आहेत.

पहिलं काम जिवंत असलेल्यांसाठी. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळ-बाळंतीण घरी आली, म्हणजे धोका टळला असं समजू नका. बेचाळीस दिवस मोजायचे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या फक्त बाळाचं वजन करायला येत नाहीत, बाळंतिणीलाही बघतात. ताप आला, ओटीपोटात दुखलं, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, रक्त जास्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा झटका आला, तर शेक-शेगडी आणि काढा करत वेळ घालवू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेणं-आणणं मोफत आहे. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीत देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्याची नोंद आहे, महाराष्ट्रात ३३. आपलं राज्य पुढं आहे. पण त्या तेहतिसांतली एखादी आपल्या वाडीतली असेल, तर तिच्या लेकराला या आकड्याचं काय?

दुसरं काम गेलेल्यांसाठी. येत्या अविधवा नवमीच्या आधी गटाच्या बैठकीत एक वही काढा. आपल्या वाडीत, आपल्या घराण्यात बाळंतपणात कोण कोण गेलं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव लिहा. माहेरचं नाव लिहा. कितवं बाळंतपण होतं, कितव्या दिवशी गेली, मूल जगलं का, ते लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, नंतर सांगायला कुणी उरणार नाही.

आमच्या गटाच्या वहीत आतापर्यंत अकरा जणींची नोंद झाली आहे. त्यात एक ओळ अर्धीच आहे, ती माझ्या आजीची. या नवमीला पान वाढताना मी "पहिलीसाठी" म्हणणार नाही. जेवढं नाव मिळालं आहे, तेवढं मोठ्यानं घेईन.

तुमच्या वहीत काय सापडलं, ते आम्हाला नक्की कळवा.